चांदीवरचा अंगठा

काम अगदी साधं होतं. बाबांच्या नाण्यांच्या कपाटात ओलावा शोषून घेणाऱ्या पुड्या असतात, त्या जुन्या झाल्या होत्या, त्या काढून नव्या ठेवायच्या. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणून ते आमच्याकडे राहायला आले होते. काळा चष्मा लावून दिवसभर रेडिओ ऐकत बसायचे आणि मध्येच आवाज बारीक करून विचारायचे, "पुड्या बदलल्यास का गं?" जणू कपाटात नाणी नव्हती, नुकती जन्मलेली पोरं होती. शेवटी एका दुपारी मी किल्ली घेतली, ढब्बूला पोटाशी बांधलं आणि निघाले.

ढब्बू म्हणजे माझा मुलगा. तेव्हा पाच महिन्यांचा होता. हे नाव बाबांनीच पाडलं. जुन्या जाडजूड पैशाला ढब्बू म्हणत, आणि हा जन्मला तोच तसा. त्याच्याआधी मला एक मुलगी होती. मुंगी. एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुढे अडखळायला नको. चार वर्षांचीही झाली नव्हती. ताप आला. मी म्हटलं, उद्या सकाळपर्यंत बघू. सकाळी आम्ही दवाखान्यात होतो आणि संध्याकाळी आम्ही दोघंच घरी परत आलो.

मी रसायनशास्त्र शिकलेली बाई आहे. चांदी का काळी पडते याचं समीकरण मला झोपेतून उठवलं तरी लिहिता येईल. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने बघाल ती नजर मी आरशात बघून झालेली आहे.

बाबांनी आयुष्यभर एकच गोष्ट जमवली. जर्मन राजेरजवाड्यांची जुनी चांदीची नाणी. टालर म्हणतात त्यांना. "डॉलरचे पणजोबा," असं बाबा पाहुण्यांना सांगत आणि पाहुणे प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसत. चहात बुडवायच्या बिस्किटाएवढी मोठी, जड नाणी. त्यांच्यावर फुगीर गालांचे, कुरळ्या केसांचे राजे. एकावर उपटलेलं झाड हातात धरून उभा असलेला केसाळ रानटी माणूस. एकावर तर आख्खं गाव होतं. तटबंदी, नदी, मनोरे आणि टाचणीच्या टोकाएवढ्या खिडक्या.

नाणं कडेने धरायचं, हा आमच्या घरातला पहिला धडा. बोट कधीच चेहऱ्यावर टेकवायचं नाही. बोटाच्या घामात मीठ असतं, तेल असतं; आज काही दिसत नाही, पण हळूहळू चांदी तिथे काळवंडते आणि बोटाचा ठसा रेघन् रेघ वर येतो. मग तो जात नाही. घासून काढायला जावं तर नाण्याचं जुनेपणच निघून जातं, आणि जमवणाऱ्याच्या लेखी ते नाणं गेल्यात जमा. शिवाय उघड्या नाण्यावर बोलायचंही नाही, थुंकीचा बारीकसा थेंब उडाला तरी पुढे त्याचा ठिपका होतो. आईने अबोला धरला की बाबा नाणी काढून बसत. दोघांचंही काम व्हायचं.

मुंगीला मात्र ते मांडीवर घेऊन बसायचे. एक झिजलेला टालर बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्याने हलकी टिचकी मारायचे, आणि चांदी गायची. लांब, बारीक, विरत जाणारा आवाज. ती तोंड घट्ट मिटून ऐकायची, आणि आवाज संपला की फक्त बोट वर करायची. परत. कडेने धरायला ती माझ्यापेक्षा लवकर शिकली. एकदाच चुकली. बाबा चष्मा पुसत होते तेवढ्यात तिने गावाच्या नाण्यावर अंगठा टेकवला. मी धावले. ती शांतपणे म्हणाली, "दार उघडत होते."

बाबा तिच्यावर रागावले नाहीत. नाणं तसंच जागेवर ठेवून दिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ताप आला.

तर ती दुपार. बाबांच्या घराचे पडदे कायम ओढलेले असतात, त्यामुळे आत शिरलं की बाहेरचं ऊन एकदम कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटतं. बंद घराचा वास होता. जुनं लाकूड, पुस्तकं, आणि थोडासा धातूचा, जिभेवर किल्ली ठेवल्यासारखा. ढब्बू पोटाशी झोपला होता. मी सवयीने त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास पाहिला. दिवसातून किती वेळा पाहते ते विचारू नका. नवरा म्हणतो, तू बोट काढलंस तर तोच दचकून उठेल.

मी चपला काढत होते, तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला.

एकच. लांब, बारीक, विरत जाणारा.

फ्रिज असेल, म्हटलं. फ्रिज तर बंद करून ठेवला होता. मग वरच्या घरातलं भांडं असेल. मग नळ. शिकलेल्या बाईकडे कारणांना तोटा नसतो. तिथे उभ्या उभ्या मी अशी बरीच गोळा केली, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत एक पाऊलही पुढे टाकलं नाही.

आतल्या खोलीत टेबलावर निळं कापड पसरलेलं होतं आणि त्यावर एक टालर उघडाच पडलेला होता. बाबांचं एखादं नाणं उघडं राहणं म्हणजे दुसऱ्या कुणी गॅस चालू ठेवून गावाला जाण्यासारखं. आणि टेबलाला लागून मुंगीचं लाल प्लॅस्टिकचं स्टूल होतं, ज्याच्यावर चढून ती उभी राहायची. ते मी तिच्या बाकीच्या वस्तूंबरोबर बांधून माळ्यावर टाकलं होतं. म्हणजे, टाकलं होतं असं मला वाटत होतं.

मी हातमोजे घातले. कपाटाचा पहिला उथळ खण ओढला. मखमलीच्या गोल खाचांमध्ये नाणी होती. गावाचं नाणं पहिलंच. त्याच्या मनोऱ्यांवर आभाळ भरून आल्यासारखा करडा ठसा उमटला होता. छोटासा अंगठा. मधून तिरकी गेलेली एक रेघ होती. दरवाजात बोट चेमटलं होतं तेव्हाचा व्रण. तो अंगठा मी धुतलाय, पुसलाय, तोंडातून काढलाय. मला भिंग लागलं नाही.

मी खाली बसले. रडले, पण तोंड मिटून. खण उघडा होता.

किती तरी वेळाने पुड्यांची आठवण झाली. उठून दुसरा खण उघडला. त्यातल्या राजाच्या गालावर ठसा होता. त्याच्या शेजारच्या राजावरही. झाडवाल्या रानटी माणसाच्या छातीवरही. सगळ्यांवर तीच तिरकी रेघ. या नाण्यांना मुंगीने कधी हात लावला नव्हता. काही तर बाबांनी ती गेल्यानंतर मिळवलेली होती.

मी म्हटलं ना, मी शिकलेली आहे. मी ठसे एकमेकांशी ताडून पाहिले. माझ्या ओढणीचा एक धागा काढला, गावावरचा अंगठा मापला, मग पुढच्या खणातला. मग त्याच्या पुढच्या.

अंगठा मोठा होत गेला होता.

फार नाही. जेवढा व्हायला हवा तेवढाच. मुलांचे बूट जसे दर थोड्या महिन्यांनी लहान होतात, आणि आपण दुकानात वैतागून म्हणतो, आत्ताच तर घेतले होते… तेवढा.

ढब्बूने झोपेत हुंदका दिला आणि मी खण लावून निघाले. पुड्या पिशवीतच राहिल्या.

घरी बाबा गच्चीकडच्या खुर्चीत होते. काळ्या चष्म्यामुळे त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता.

"बदलल्यास?" त्यांनी विचारलं.

"टेबलावर एक नाणं उघडं राहिलंय, बाबा."

"राहिलं नाही," ते म्हणाले. "ठेवलंय."

रेडिओवर कुणीतरी शेअर बाजाराबद्दल बोलत होतं. बाबांनी चाचपडत तो बंद केला.

"गावावरचा ठसा ती गेल्यावर वर आला," ते हळू आवाजात म्हणाले. "तो येणारच होता. मी रोज बघायचो. कुणी विकत मागितलं असतं तर मी त्याला जिन्यावरून ढकलला असता. मग एके दिवशी दुसऱ्यावर आला… मला वाटलं, म्हातारपण. डोळे. तेव्हा मोतीबिंदू होताच." ते किंचित हसले. "मग मी एक बाहेर काढून ठेवलं. चांगल्यातलं. लगेच काही दिसत नाही, तुला माहितीये. काही महिने जातात. पण आला. तेव्हापासून ठेवतो. एक झालं की दुसरं."

"बाबा, सगळी नाणी खराब…"

"कुणासाठी जपू?"

ज्या माणसाने मला लहानपणी एका बोटापायी आठवडाभर त्या खोलीत येऊ दिलं नव्हतं, तो आपली एकेक दुर्मिळ वस्तू स्वतःच्या हाताने बाहेर मांडत होता, आणि शेजारी स्टूल सरकवून ठेवत होता.

मग मी विचारलं. विचारू नये ते विचारलं. "ती तुमच्याकडे येते. माझ्याकडे का नाही येत?"

"येत नसेल कशावरून?" बाबा म्हणाले. "तुझ्या घरी सगळं स्टील आणि प्लॅस्टिक. आली तरी तुला कळणार कसं?"

आता हसू येतं, पण त्या क्षणी मला एवढा दिलासा कुणीच दिला नव्हता. भेटायला येणाऱ्या बायकांनी नाही, झोपेच्या गोळ्यांनी नाही. मी म्हटलं, "मला एक द्या."

बाबांनी पाळण्याच्या दिशेने मान वळवली.

"घरात बाळ आहे गं."

"त्याचीच तर बहीण आहे ती."

"म्हणून तर म्हणतो," बाबा म्हणाले.

पण त्यांनी दिलं. काळा चष्मा सुटल्यावर ते घरी परत गेले, तेव्हा मी सोबत गेले आणि त्यांनी कपाटातून एक काढून माझ्या हातमोजा घातलेल्या तळव्यावर ठेवलं. गावाचं मागायची माझी हिंमत झाली नाही. हे दोन भावांचं होतं. एकमेकांकडे तोंड करून बसलेले दोन तरुण सरदार, आणि मागच्या बाजूला त्यांच्या घराण्याचं चिन्ह. दोन्ही बाजू स्वच्छ होत्या. मी खिडकीत नेऊन तिरक्या उजेडात पाहिल्या.

आमच्या झोपायच्या खोलीत उंच पुस्तकांचं कपाट आहे. नाणं त्याच्यावर ठेवलं, कारण नवऱ्याची एकच अट होती, पोराच्या हाताला लागता कामा नये. "गिळलं तर दवाखान्यात काय सांगणार, पोटात राजा आहे म्हणून?" तो म्हणाला. मी त्याला खरं सांगितलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दिवा लावायला उठला. माझ्या बोलण्यावर त्याचा विश्वास नव्हता. पण सुट्टीच्या दिवशी तो कपाट पुसायचा तेव्हा नाण्याभोवतीची एवढीशी गोल जागा फडका न लावता सोडायचा.

मग वाट पाहणं सुरू झालं. मी रोज खुर्चीवर चढून बघायची. काही नाही. दोन महिने गेले, तीन गेले. दोघे भाऊ एकमेकांकडे स्वच्छ चेहऱ्यांनी बघत होते. बाबा फोनवर विचारायचे, "आला?" मी म्हणायची, "नाही." त्यांच्याकडे मात्र येत होता. मला वाटायचं, रागावली असेल. मी म्हटलं होतं ना, उद्या सकाळपर्यंत बघू.

ढब्बू तेवढ्यात पालथा पडू लागला, बसू लागला, खुर्चीच्या पायाला धरून उभा राहायला लागला. शांत मूल. फारच शांत, असं मला वाटायचं, आणि डॉक्टर म्हणायचे, आई, तुम्हाला रडणारं हवंय का? दुपारी पाळण्यातून त्याचा हसण्याचा आवाज यायचा. मी डोकावले की तो गप्प व्हायचा. कुणी ओठांवर बोट ठेवल्यासारखा. मी म्हणायची, मुलं स्वतःशीच हसतात. पुस्तकात लिहिलंय.

त्याच्या पहिल्या वाढदिवसाला थोडेच दिवस राहिले होते. दुपारची वेळ होती. ढब्बूला पाळण्यात झोपवून मी खुर्चीवर चढले, आता आशा नव्हती, सवय होती. आणि ठसा आला होता.

दोन्ही भावांच्या मध्ये, दोघांच्याही चेहऱ्यांना टेकून. करडा, कडेला निळसर. तिरकी रेघ. आणि केवढा मोठा… सहा वर्षांच्या मुलीचा असावा तेवढा. शाळेत जाणाऱ्या, पेन्सिल घट्ट धरणाऱ्या मुलीचा. मी नाणं कडेने धरून छातीशी नेलं. आली होती. म्हणजे ती येत होती. इतके दिवस मी कपाटाखाली कपडे घडी करत होते, फोनवर भाजीचं बोलत होते, आणि ती इथेच होती.

मग मी नाणं उलटलं.

मागच्या बाजूला, घराण्याच्या चिन्हावर, दुसरा ठसा होता. एवढासा. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. त्याला व्रण नव्हता.

मी खुर्चीवरून उतरले, पाळण्याजवळ गेले आणि ढब्बूचा झोपेत सैल पडलेला अंगठा ठशाशेजारी धरला. तशाच रेघा, तसाच मधला छोटा भोवरा. पण अंगठा ठशाहून मोठा होता. बराच मोठा. क्षणभर मला हायसं वाटलं. नाही, त्याचा नाही.

आणि मग माझ्या शिक्षणाने घात केला. ठसा आज दिसला म्हणजे स्पर्श आजचा नसतो.

तो ढब्बूचाच होता. महिन्यांपूर्वीचा. त्याला धड बसताही येत नव्हतं, नुकता पालथा पडू लागला होता, तेव्हाचा. कपाटाच्या वरपर्यंत मलाही खुर्ची लागते. कुणीतरी त्याला पाळण्यातून उचललं होतं, तिथवर नेलं होतं, त्याचा अंगठा हातात धरून नाण्यावर टेकवला होता आणि परत आणून नीट झोपवलं होतं. पांघरूणसुद्धा घातलं असणार, कारण ते सरकलेलं मला कधी दिसलं नाही. आणि ते तेव्हाचं. तेव्हापासून आजपर्यंत काय काय झालं ते चांदीवर अजून यायचं होतं.

फोन वाजला. बाबा होते.

"आला का काही?"

"नाही," मी म्हटलं.

"हळू का बोलतेस?" बाबांनी विचारलं. मग त्यांचाही आवाज उतरला. "नाणं हातात आहे ना तुझ्या…"

मी नाणं तोंडापासून दूर धरलं.

"मागे पाहिलंस?"

"पाहिलं."

"आणून दे मला ते," ते म्हणाले. "आजच. मी ठेवतो तिला इकडे. मी काय, म्हातारा माणूस."

"ती इथे आली, बाबा. एवढ्या दिवसांनी…"

"पोरी. ती लहान आहे. तिला काय कळतंय, कुठवर न्यायचं आणि कुठून परत आणायचं?"

मी म्हटलं, ढब्बू झोपलाय, उठला की निघते. फोन ठेवला. नाणं रुमालात गुंडाळलं, रुमाल पिशवीत टाकला, पिशवी दाराशी नेऊन ठेवली, चपलाही पुढे काढून ठेवल्या. हे सगळं करताना मी आपली एकेक वस्तू मोजूनमापून ठेवत होते, जणू कुणी लक्ष ठेवून होतं आणि त्याला कळू द्यायचं नव्हतं की आपण निघालोय. आईने मुलीपासून लपवून करायची गोष्ट. असं मी फक्त तिच्या औषधांच्या बाबतीत केलं होतं.

खोलीत परत आले तेव्हा ढब्बू उताणा झोपला होता. मघाशी मी सोडला तेव्हा त्याचा उजवा हात गादीवर पडलेला होता. आता तो वर होता. गाढ झोपेतल्या मुलाचा हात उचलून सोडला की धपकन पडतो. हा पडत नव्हता. बाजूला आणि वर, सरळ, बोटं कशाभोवती तरी मिटलेली. रस्ता ओलांडताना मोठ्या बहिणीचा हात धरलेल्या मुलाचा असतो तसा.

नाव माझ्या ओठांपर्यंत आलं. तिने ओ दिली असती तर मी काय केलं असतं, आणि दिली नसती तर काय… मला ठरवता येईना, म्हणून मी हाक मारली नाही. पाळण्याच्या डाव्या बाजूला गुडघ्यांवर बसले आणि त्याचा दुसरा हात माझ्या हातात घेतला. उबदार होता. श्वास चालू होता. मी उचलून घ्यायला पाहिजे होतं. पण उचललं की तिकडचा हात सुटणार होता, आणि एकदा मी तिचा हात सोडून घरी आलेली आहे.

तशीच बसले. खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरत गेलं. कुणी ओढत नव्हतं. मी एवढंच बघत होते, की कुणी ओढतंय का.

मग पांघरुणाखाली काहीतरी हललं. मी ते हळूच बाजूला केलं.

त्याचे पाय हलत होते. एक पुढे, मग दुसरा. सावकाश, जपून, कुणाच्या तरी छोट्या पावलांशी पावलं जुळवत. चेहरा शांत, डोळे मिटलेले.

त्याला अजून चालता येत नाही.